मोतीला समुद्र दाखवताना

व्यापारी घरांत प्रवासाचे बेत सहसा दोन कारणांनी मोडतात. एक म्हणजे पेढी कोणी सांभाळायची, आणि दुसरे म्हणजे घर कोणी सांभाळायचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत असलेल्या एका कुटुंबात गेली अकरा वर्षे तिसरेही कारण होते. मोतीला कोणाकडे ठेवायचे? मोती हा या घरातला लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा. तो दीड महिन्यांचा असताना घरात आला आणि तेव्हापासून पेढीच्या पायरीवर अण्णांच्या चपलांशेजारी त्याची जागा ठरून गेली. सहल निघाली की घरातले बाकीचे जात आणि अण्णा मागे राहत. “पेढी आहे, मोती आहे,” एवढेच त्यांचे उत्तर असे. नातवंडे मोठी झाली, त्यांनी कोकण पाहिले, गोवा पाहिला. त्या छायाचित्रांत अण्णा कुठेच नसत.

यंदा दिवाळीनंतर मोतीच्या मागच्या पायांत कळ येऊ लागली. पशुवैद्यांनी तपासून औषध दिले आणि जाता जाता सांगितले, की अकरा वर्षे हे या जातीच्या कुत्र्याचे म्हातारपणच आहे. आता त्याला जे काही करून द्यायचे असेल ते पुढच्या वर्षावर टाकू नये. घरी आल्यावर नातीने सहज विचारले, “मोतीने समुद्र पाहिलाय का, अण्णा?” त्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक होते. समुद्र मोतीने पाहिला नव्हता आणि नातवंडांबरोबर अण्णांनीही पाहिला नव्हता.

त्या रात्री ठरले, की या वेळी कोणी मागे राहणार नाही. पेढी मुनीमजींवर सोपवायची आणि मोतीसह सर्वांनी गाडीने कोकण गाठायचे. मात्र म्हातारा कुत्रा बरोबर घेऊन समुद्रकाठी जाणे ही हौसेने उरकायची गोष्ट नव्हे, हे सूनबाईंच्या लगेच लक्षात आले. माणसाला उकडले तर तो सांगतो, मुका जीव सांगू शकत नाही. म्हणून त्यांनी एक जुनी वही काढली आणि सौद्याआधी मालाची तपासणी करावी तशी एकेक बाब लिहून काढायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न दिवसांचा होता. मुलांना मे महिन्याची सुट्टी सोयीची होती, पण कोकणातला मे मोतीला मानवणारा नव्हता. कुत्र्याच्या शरीरावर माणसासारखा घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी जवळजवळ पंजाच्या तळव्यांपुरत्याच असतात, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणे. समुद्रकाठची हवा दमट असते. अशा हवेत धापा टाकूनही पुरेसा गारवा मिळत नाही. पग किंवा शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर ही हवा फारच घातक ठरते. पावसाळ्यात खाड्या फुगलेल्या, समुद्र खवळलेला. शिवाय चातुर्मासात या घरात प्रवास टाळण्याचीच रीत. तेव्हा कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ तेवढा उरला. माघ सर्वांत थंड, पण नातवाला कासवांची पिल्ले पाहायची होती, आणि ती साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यानंतर अंड्यांतून बाहेर पडू लागतात. दोन्ही गरजा जुळवून फेब्रुवारीचा तिसरा आठवडा नक्की झाला. दुपारी अकरा ते चार मोती सावलीतच राहील, ही अट वहीत पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली गेली.

आठवडा ठरला, तरी दिवस ठरायचे होते, आणि ते काम आक्कांनी केले. आक्का म्हणजे अण्णांच्या थोरल्या भगिनी. घरात अष्टमी-चतुर्दशी त्यांच्यामुळे पाळली जाते आणि पंचांग त्यांच्या उशाशीच असते. कोकणातले कोळी तिथीवरून भरती-ओहोटी सांगतात. तिथीचा आकडा तीनाने गुणून चाराने भागला, की भरती पूर्ण होण्याची वेळ अदमासे कळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्दशीला भरती साडेदहाच्या आसपास. भरती-ओहोटीत सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते आणि रोज ही वेळ साधारण पाऊण-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान. गावोगावी या वेळांत थोडाफार फरक पडतो, म्हणून निघण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहणे चांगले. पण दिवस निवडायला हा हिशेब पुरेसा होतो.

आता कुत्र्याला फिरवण्याच्या वेळा दोनच, उन्हे चढण्यापूर्वीची आणि उन्हे उतरल्यानंतरची. या दोन्ही वेळी पाणी मागे गेलेले असेल तर ओली, घट्ट आणि गार पुळण चालायला मिळते. म्हाताऱ्या सांध्यांना भुसभुशीत कोरड्या वाळूपेक्षा ती सोसते. अष्टमीला गेले तर नेमक्या त्याच वेळी पाणी सुरूच्या बनापर्यंत चढलेले असते. आक्कांनी बोटांवर मोजले. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी पावणेआठला, तृतीयेला साडेआठला, चतुर्थीला सव्वानऊला. सकाळी पुळण मोकळी आणि संध्याकाळी पाणी ओसरते. फाल्गुन शुद्ध द्वितीयेला निघायचे ठरले. इतकी वर्षे उपवासासाठी उघडलेले पंचांग मोतीच्या सहलीसाठी उघडले गेल्याचे आक्कांना मोठे कौतुक वाटले.

दुसरा प्रश्न मार्गाचा. महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांब असल्याचे सांगितले जाते आणि रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत सागरी महामार्गाची कल्पना जुनी आहे. तरीही हा किनारा सलग धावत नाही. दर काही मैलांवर एखादी नदी खाडी होऊन समुद्राला मिळते आणि रस्ता अडतो. जेथे पूल नाही तेथे फेरीबोट गाडीसकट पलीकडे नेते. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा या फेऱ्या आहेत. मुंबईकरांसाठी भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोठी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. या फेऱ्यांमुळे दोन गावांमधला तासन्‌तासांचा वळसा वाचतो. कुत्रा बरोबर असताना हा फायदा मोठा, कारण गाडीत बसून राहण्याचा वेळ कमी होतो. बोटीवर कुत्र्याविषयी काय नियम आहेत, याची चौकशी मात्र अगोदर फोनवर करून ठेवलेली बरी.

सारा किनारा एका दमात पाहण्याचा मोह सूनबाईंनी टाळला. पाच दिवस, चार रात्री आणि दोनच मुक्काम, पहिला गुहागरला आणि दुसरा दापोली तालुक्यातील आंजर्ल्याला. रोज नवे गाव, नवी खोली, नवे वास यांनी म्हातारा कुत्रा बिथरतो आणि थकतो. सांगलीहून कराड, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तेथून गुहागर. हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर भरते. पहाटे पाचला निघाले तर दुपारच्या उन्हापूर्वी मुक्काम गाठता येतो.

मुक्कामाची जागा शोधताना सूनबाईंनी एक नियम पाळला, की काहीही लपवायचे नाही. फोनवर पहिल्याच वाक्यात त्या सांगत, “आमच्याबरोबर कुत्रा आहे. वय अकरा, वजन तीस किलो.” काही ठिकाणी सरळ नकार मिळाला. धर्मशाळेत किंवा मंदिराच्या भक्तनिवासात तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. जेथे होकार मिळाला तेथे त्यांनी आणखी चार गोष्टी विचारल्या. घरी आधीच कुत्रा, मांजर, कोंबड्या आहेत का? मोतीला खोलीत झोपू देतील का? खोलीला गच्च लागणारे दार आहे का? दुपारी सावली कोठे असते? शेवटी गुहागरला पोफळीच्या वाडीतले एक घर ठरले. कांदा, लसूण, बटाटा नको आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी हवे, हे सांगितल्यावर यजमानीणबाई म्हणाल्या, “त्यात काय, कुळथाचं पिठलं, घावन आणि ताक साडेपाचला पानात वाढते.” एवढ्याने आक्कांचा निम्मा प्रवास सोपा झाला.

तिसरा प्रश्न सामानाचा. वहीतली मोतीची यादी माणसांच्या यादीपेक्षा लांब झाली. लसीकरणाचे पुस्तक सर्वांत वर. रेबीजची लस आणि लेप्टोस्पायरोसिससह इतर रोगांची एकत्रित लस वेळेत दिल्याची नोंद असावी, कारण दमट मुलखात हे रोग दुर्लक्षून चालत नाहीत. गोचीड होऊ नयेत म्हणून पशुवैद्यांनी दिलेले औषध निघण्याआधी लावून झाले. सांध्यांच्या गोळ्या, थर्मामीटर, कापूस, जखमेचे औषध, दोन साखळ्या, फोन क्रमांक कोरलेला पट्टा, त्याची रोजची सतरंजी आणि पाण्याचे पातेले हे सारे एका पिशवीत गेले. खाण्यात बदल करायचा नाही म्हणून पाच दिवसांचे त्याचे नेहमीचे खाणे आणि पहिल्या दोन दिवसांचे घरचे पाणीही घेतले. विष्ठा उचलण्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी आणि पिशव्या ठेवल्या. नातवाने तोंड वाकडे केले, तेव्हा अण्णा म्हणाले, “दुसऱ्याच्या दारात आपण जायचं तर आपली घाण आपणच उचलायची.”

खाण्याच्या डब्यांबाबत या घराला शिकवावे लागले नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात, आणि तो पदार्थ या स्वयंपाकघरात येतच नाही. पण बेदाणा? द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, हे बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या या घराने मोती लहान असतानाच पशुवैद्यांकडून ऐकले होते. त्यामुळे वखारीत मोतीला अकरा वर्षांत एकदाही पाऊल ठेवू दिलेले नाही. प्रवासातल्या सुक्यामेव्याच्या डब्यातून आक्कांनी बेदाणे काढून टाकले आणि चॉकलेटे घरीच ठेवली.

द्वितीयेच्या पहाटे गाडी निघाली. मोतीला आदल्या संध्याकाळी हलके खाणे दिले होते आणि पहाटे केवळ पाणी, कारण भरल्या पोटी घाटात मळमळते. मागच्या आसनावर त्याची सतरंजी अंथरून त्याचा अंगपट्टा आसनाच्या पट्ट्याला अडकवला होता. कुत्र्याला मांडीवर घेऊन गाडी चालवणे किंवा त्याचे डोके खिडकीबाहेर काढू देणे या दोन्ही गोष्टी कौतुकाच्या वाटतात, पण जोराचा ब्रेक लागला किंवा डोळ्यात खडा गेला तर त्यांची किंमत त्या मुक्या जिवालाच मोजावी लागते. दर दोन तासांनी गाडी थांबली. चढता-उतरताना उडी मारू नये म्हणून नातवाने लाकडी पाट पायरीसारखा लावला. कोयनानगरला धुक्यात न्याहारी झाली. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरून खाली कोकण दिसले तेव्हा मोतीने नाक वर केले आणि बराच वेळ हवा हुंगली. समुद्र अजून कितीतरी दूर होता. त्याला काय कळले असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक.

चिपळूणला चहासाठी थांबताना मुलगा म्हणाला, “पाच मिनिटंच आहेत, मोती राहू दे गाडीत.” अण्णा उतरलेच नाहीत. उन्हात बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढू शकते आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. अण्णांनी हे आकडे वाचले नव्हते. पेढीच्या पत्र्याखाली दुपारी उभ्या राहिलेल्या मालमोटारीत हमालांचे काय होते, ते त्यांनी पाहिले होते. चहा त्यांना गाडीतच आणून दिला गेला.

गुहागरचा किनारा लांबच लांब आहे. काठाने सुरूची झाडे आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. यजमानांनी पहिलीच सूचना दिली, की मोतीला माडाखाली बांधू नका. नारळ कधी पडेल सांगता येत नाही. दुसरी सूचना अशी, की जांभ्याच्या गडग्याजवळ त्याला मोकळा सोडू नका, दगडांच्या फटींत फुरसे असते. संध्याकाळी साडेपाचला, जेवणे उरकून, सारे पुळणीवर गेले. पाणी ओसरत होते. मोती लाटेच्या रेघेपर्यंत गेला, मागे फिरला, पुन्हा गेला आणि शेवटी पोटापर्यंत पाण्यात उभा राहिला. अण्णांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचले आणि तेही शेजारी उभे राहिले. कोणी फारसे बोलले नाही. अंधार पडायला लागला तेव्हा गोड्या पाण्याने मोतीचे पाय, पोट आणि बोटांमधली वाळू धुऊन, कान कोरडे करून त्याला सतरंजीवर झोपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूक घडली. नातवाने चेंडू लाटेत फेकला. मोती म्हातारा असला तरी त्या जातीला पाण्यातून वस्तू आणण्याची उपजत ओढ असते. दहा-बारा वेळा त्याने चेंडू आणला आणि प्रत्येक वेळी तोंडात खारे पाणी गेले. तहान लागली तसे त्याने आणखी खारे पाणी प्याले. गोड्या पाण्याचे पातेले घरी राहिले होते. साडेनऊपर्यंत त्याला दोन उलट्या झाल्या, मग जुलाब. तो व्हरांड्यात आडवा झाला आणि हाकेला शेपटीही हलवेना.

त्या दिवशी हेदवीचा दशभुज गणेश आणि वेळणेश्वर पाहण्याचा बेत होता. तो कोणी काढलाही नाही. सूनबाईंनी सांगलीच्या पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी विचारलेल्या गोष्टी सोप्या होत्या. ताप किती? हिरड्यांचा रंग गुलाबी आहे का? लघवी झाली का? चालताना झोकांड्या जातात का? थर्मामीटर पिशवीत होता. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. मोतीचे १०२ भरले. पशुवैद्य म्हणाले, गोडे पाणी एकदम पातेलेभर ठेवू नका, थोडे थोडे, दर काही मिनिटांनी द्या. खाणे आज बंद. उलट्या थांबल्या नाहीत किंवा तो झोकांड्या देऊ लागला, तर वेळ न घालवता चिपळूणला दवाखान्यात न्या, कारण मिठाचे प्रमाण वाढले तर ते मेंदूपर्यंत जाते. चिपळूणच्या डॉक्टरांचा क्रमांक वहीत आधीच लिहिलेला होता. मुलाने गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करून ठेवली.

दुपारभर अण्णा व्हरांड्यात मोतीजवळ बसून राहिले आणि वाटीने पाणी देत राहिले. नातू खांबाआड उभा होता. “माझ्यामुळे झालं,” असे तो म्हणाला तेव्हा अण्णांनी त्याला जवळ बसवले. “चेंडू तू फेकलास, पण पाणी बरोबर न्यायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. आता ही वाटी तू धर.” आक्का जपमाळ घेऊन बाजूला बसल्या होत्या. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव पुढच्या जन्मी यक्ष झाला, ही कथा त्यांनी नातवंडांना अनेकदा सांगितली होती. त्या दुपारी त्यांनी ती सांगितली नाही. मंत्र मात्र त्या हळू आवाजात म्हणत होत्या. चारच्या सुमारास मोतीने लघवी केली. साडेपाचला त्याने मान उचलून आक्कांच्या ताटाकडे पाहिले आणि घरात पहिल्यांदा कोणीतरी हसले.

चतुर्थीला सकाळी मोती चालू लागला, तेव्हाच पुढे जायचे ठरले. धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागली होती. बोटीची लोखंडी फळी खाली आदळते तेव्हा मोठा आवाज होतो, म्हणून नातीने मोतीचे कान दोन्ही हातांनी झाकले. गाडी चढली, इंजिन बंद झाले आणि वाशिष्ठीच्या विस्तीर्ण पात्रातून बोट दाभोळकडे निघाली. एके काळी बहामनी आणि आदिलशाही राजवटींचे हे मोठे बंदर होते. अरबस्तानाशी येथून व्यापार चाले. व्यापाऱ्याच्या घरातल्या माणसाला अशी बंदरे पाहताना निराळेच वाटते. वखारी गेल्या, गलबते गेली आणि आता तेथे फेरीबोटीची वाट पाहणारी गाड्यांची रांग असते.

पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड, मग हर्णै. हर्णैच्या समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे आणि किनाऱ्यावर मासळीचा बाजार भरतो. या कुटुंबाने काचा वर केल्या. मोतीने मात्र काचेला नाक लावले. अशा किनाऱ्यावर कुत्र्याला मोकळे सोडणे धोक्याचे असते. फेकून दिलेल्या केंड माशाच्या अंगात विष असते आणि जाळ्याच्या तुकड्यांत गळ अडकलेले असतात. शिवाय प्रत्येक किनाऱ्याला त्याचे स्वतःचे कुत्रे असतात. ती त्यांची हद्द असते. पाहुण्याने तेथे साखळीत राहावे आणि समोरून टोळी आली तर रस्ता बदलावा.

आंजर्ल्याला आल्यावर सूनबाईंच्या वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद आली. वेळास, आंजर्ले आणि परिसरातील काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे थंडीच्या दिवसांत रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण आहे. पूर्वी ही घरटी माणसे उकरीत आणि कुत्रे-कोल्हेही. आता ग्रामस्थ आणि वनविभाग अंडी काढून कुंपणाच्या आत जपतात आणि पिल्ले निघाली की सकाळ-संध्याकाळी समुद्रात सोडतात. ज्या किनाऱ्यावर हे घडते, तेथे कुत्रा नेणे म्हणजे त्या जिवांच्या वाटेत उभे राहणे होय. आपल्या कुत्र्याने कधी कोणाला इजा केली नाही, हे मालकाचे म्हणणे तेथे कामाचे नाही. कुत्र्याचे नाक आणि पंजे त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतात. थंडीत उत्तरेकडून आलेले कुरव आणि तुतवार पुळणीवर खात असतात. त्यांच्यामागे कुत्रा धावला की दूरच्या परतीच्या प्रवासासाठी साठवलेली त्यांची शक्ती वाया जाते. एका जिवाचा लाड करताना दुसऱ्या जिवाचे नुकसान झाले, तर त्या लाडाला दया म्हणता येत नाही.

म्हणून पंचमीच्या सकाळी घरातले सारे पिल्ले पाहायला गेले आणि अण्णा मोतीजवळ मागे राहिले. अकरा वर्षांची सवयच ती. तासाभराने नात धावत आली. “अण्णा, बत्तीस होती! एवढीशी, तळहातावर मावतील एवढी! एक उलटं पडलं, मग स्वतःच सरळ झालं आणि गेलं.” ती सांगत होती आणि अण्णा ऐकत होते. थोड्या वेळाने सूनबाई म्हणाल्या, “संध्याकाळी तुम्ही जा, अण्णा. मोतीजवळ मी बसते.” अण्णांनी नेहमीप्रमाणे नाही म्हटले. या वेळी नातवाने त्यांच्या हातातली साखळी काढून घेतली.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओसरत्या पाण्याच्या काठी, दोरीच्या अलीकडे उभे राहून अण्णांनी पाच पिल्ले समुद्रात जाताना पाहिली. शेवटचे फार सावकाश गेले. लाट येऊन त्याला दोनदा मागे टाकून गेली, तिसऱ्यांदा घेऊन गेली. परत आल्यावर अण्णांनी फक्त विचारले, “मोतीने पाणी प्यालं का?”

षष्ठीच्या पहाटे परतीचा प्रवास सुरू झाला. दापोली, खेड, चिपळूण आणि पुन्हा कुंभार्ली. दुपारी सांगलीत पोहोचल्यावर मोती सवयीने पेढीची पायरी चढला आणि चपलांशेजारी झोपला. त्याच्या पंजांतून चिमूटभर वाळू पायरीवर सांडली होती.

रात्री सूनबाई जमाखर्च मिटवीत असताना अण्णांनी वही मागून घेतली. चुकांच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, ‘पुळणीवर जाताना गोडे पाणी बरोबर. चेंडू पाण्यात नाही.’ मग पान उलटून पुढच्या वर्षीच्या फाल्गुनाची द्वितीया लिहिली आणि थोडा वेळ थांबून तिच्यापुढे आणखी एक ओळ घातली, ‘मोतीला झेपले तर. न झेपल्यास सर्वांनी घरीच.’